घोरी नदीतलं बर्फ

“फणसळकर, वही काढा. हा लहान नाही,” धुमाळ वकील म्हणाले.

वही माझ्या हातात होतीच. काठीचा शेंडा पाण्याकडे वाकला होता आणि चरखीतून दोरी करकरत बाहेर पळत होती. वकीलसाहेब गुडघाभर पाण्यात उभे होते. सहा फुटांचा माणूस, पण कोर्टात उलटतपासणी घेताना असावा तसा शांत. त्यांच्या मागे काठावरच्या खडकावर मी बसलो होतो. मांडीवर वही, कानावर पेन्सिल, शेजारी स्प्रिंगचा काटा, मोजपट्टी, चिमटा आणि भिंग. आणि माझ्याही मागे, उंबराच्या मुळीवर, कुशाबा मल्लाव बसला होता. तो काहीच करत नव्हता.

या गोष्टीला चाळीस वर्षं होऊन गेली. सप्टेंबरचा पहिला रविवार होता, गौरी जाऊन दोन दिवस झाले होते. पाऊस आठवडाभर उघडला होता आणि घोरी नदीचं पाणी निवळून हिरवं दिसू लागलं होतं. आमच्या हौशी गळ मंडळाचा त्या दिवशी हंगाम उघडत होता. मंडळात सभासद पंधरा. पण घरोघरी गणपती असल्यामुळे आलो होतो दोघेच. अध्यक्ष म्हणून धुमाळ वकील आणि चिटणीस म्हणून मी. मी तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. मासे मला फारसे लागत नसत. मला चिटणीस केलं होतं ते माझं अक्षर बरं आहे म्हणून, आणि नदीकाठी कुणाशी बोलावं लागत नाही म्हणून मीही ते पत्करलं होतं.

“कुशाबा, किती असेल रे?” वकीलसाहेबांनी मान न वळवता विचारलं.

“दिसल्याबिगर काय सांगावं,” कुशाबा म्हणाला.

“अंदाज सांग की.”

“अंदाज तुमी करा. दोरी तुमच्या हातात हाय.”

वकीलसाहेब हसले. त्यांना असली उत्तरं आवडत. खरं तर ती नदी वाचवली होती ती त्यांनीच. त्याआधी चार-पाच वर्षं रस्त्याच्या कामावरची माणसं सुरुंगाच्या तोट्या आणून डोहात टाकत. एका धमाक्यात शेकडो मासे उताणे होत, निम्मे वाहून जात. वकीलसाहेबांनी फी न घेता खटला चालवून चौघांना शिक्षा लावली. मग सरकारदरबारी खेटे घालून पाळशी गावाजवळचा चार मैलांचा पट्टा मंडळाच्या ताब्यात आणला. तिथे सुरुंग बंद, विष बंद, जाळंही बंद. फक्त गळ. आणि गळाला लागलेला मासाही मोजून, तोलून, त्याचा एक खवला काढून परत पाण्यात सोडायचा. कुशाबा भोयांपैकी. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जाळी होती. जाळी बंद झाल्यावर वकीलसाहेबांनी त्यालाच राखणदार नेमलं.

पहिल्या वर्षी कुशाबानं मला विचारलं होतं, “खायचं न्हाय, इकायचं न्हाय. मग धरायचं कशापायी?”

“खेळ असतो तो, कुशाबा.”

“मासा बी खेळतोय व्हय?”

मला उत्तरं सहसा घरी गेल्यावर सुचतात.

मासा अर्ध्या तासानं पहिल्यांदा वर आला. डोहाच्या मध्यावर पाणी फुगलं, सोनेरी पाठ दिसली आणि मग शेपूट. शेपटीचं वरचं पान अर्धं फाटलेलं होतं.

कुशाबा उठून उभा राहिला.

“वकीलसाहेब,” तो म्हणाला, “दोरी तोडा.”

“काय?”

“जाखाईची म्हातारी हाय ती. दोरी तोडा.”

डोहावर जाखाईचं लहानसं देऊळ होतं. म्हातारी म्हणजे त्या डोहातली सर्वांत मोठी खडशी. आम्ही पुस्तकी माणसं त्या माशाला महासीर म्हणतो. भोयांच्या जाळ्यात ती दोन-तीनदा आलेली होती आणि दर वेळी त्यांनी तिला हळद लावून सोडली होती, हे मी ऐकून होतो.

“अरे, सोडणारच आहे की तिला,” वकीलसाहेब म्हणाले. “आपला नियमच आहे. नुसती काठाला आणतो, फोटो काढतो आणि सोडतो.”

“भरलेली असंल.”

“आता सप्टेंबर आहे. अंडी घालून दोन महिने झाले. काय फणसळकर?”

मी वहीकडे पाहिलं. कुशाबा माझ्याकडे पाहत होता हे मला न पाहताही कळत होतं.

“नियमात तसं आहे,” मी म्हणालो.

नियम मीच लिहिले होते. मंडळाला पट्टा मिळाला तेव्हा सरकारी कागदाला जोडायला नियमावली हवी होती, आणि मासा अंडी घालतो त्या काळात गळ बंद ठेवायचा, तर तो काळ कोणता हेही त्यात हवं होतं. वाचनालयात एका निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्याचं जाडजूड पुस्तक होतं. चाळीस वर्षं त्यानं या माशामागे घालवली होती. त्यातलं एक प्रकरण मी आठ संध्याकाळी बसून मराठीत उतरवलं. भाषांतर मला बरं साधलं होतं. बंदीचा काळ त्यावरून ठरला: एक मे ते एकतीस ऑगस्ट. वकीलसाहेबांनी सही केली, कचेरीचा शिक्का पडला.

कुशाबाला राखणदार नेमलं त्या दिवशी मी त्याला तो कागद वाचून दाखवला होता.

“आगष्ट म्हंजे?” त्यानं विचारलं होतं.

“श्रावण. कधी भादव्याची सुरुवात.”

त्यानं बोटांवर महिने मोजले होते. मग म्हणाला, “घट उठल्यावर न्हाय का? आमी जाळं दसऱ्याबिगर डोहात टाकत न्हाय. पयला पूर आला की बंद, त्ये घट उठंपातूर.”

“पुस्तकात असं दिलंय,” मी म्हणालो होतो.

“बुकात हाय व्हय. मग ठीक.”

म्हातारी काठाला आली ती तासाभरानं. तिच्यात जोर उरला नव्हता. वकीलसाहेबांनी काठी खडकाला टेकवली, खाली वाकले आणि दोन्ही हातांनी तिला उचललं. एक हात कल्ल्यात, एक शेपटीकडे. त्यांचा चेहरा एखाद्या मुलासारखा झाला होता. “कॅमेरा, फणसळकर, कॅमेरा,” ते म्हणाले. मी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि त्यातून मला दिसलं की तिच्या पोटाखालून काहीतरी पिवळं गळतंय. मला आधी वाटलं, भिंगावर ऊन आलं. मी कॅमेरा खाली केला. गाभोळी होती. ज्वारीच्या दाण्याएवढाली अंडी, ओली, पिवळीधमक. खडकावर, वकीलसाहेबांच्या विजारीवर, माझ्या कॅनव्हासच्या बुटांवर.

वकीलसाहेबांनी तिला काट्याला लावायला म्हणून वर धरलं तशी आणखी गळली.

“अकरा किलो,” ते म्हणाले. “लिहा.”

मी लिहिलं. मोजपट्टी लावली, अडतीस इंच. मग चिमट्यानं डाव्या कुशीवर, पाठीच्या पराखाली तिसऱ्या ओळीतला खवला उचलला. नेहमी तिथलाच घ्यायचा असा नियम होता. खवला रुपयापेक्षा मोठा होता. तो लिफाफ्यात घातला आणि लिफाफ्यावर तारीख टाकली.

“तुमचं झालं का?” कुशाबानं विचारलं.

“झालं.”

“मंग द्या हिकडं.”

त्यानं तिला वकीलसाहेबांच्या हातून घेतलं, छातीएवढ्या पाण्यात गेला आणि तिचं तोंड प्रवाहाकडे करून उभा राहिला. एखाद्या आजारी माणसाला उठवून बसवावं तसं त्यानं तिला पोटाखालून धरलं होतं. कल्ले हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते. आम्ही काठावर डबा उघडला. वकीलसाहेबांनी मोदक आणले होते. मला खाववला नाही.

“एखादी असते उशिराची,” ते मला म्हणाले. “माणसांत नाही का असत? त्यावरून नियम बदलत नाहीत.”

“हो,” मी म्हणालो.

बऱ्याच वेळानं कुशाबानं हात काढले. म्हातारी थोडी कललेली, पण गेली. खोल पाण्यात पाठ दिसेनाशी झाली.

“लिहा,” वकीलसाहेब म्हणाले, “सोडला. जिवंत.”

मी पेन्सिलीनं लिहिलं. मी सगळं पेन्सिलीनंच लिहीत असे. पाण्याजवळ शाई फुटते, असं मी सांगत असे.

आम्ही परत गेलो नाही, पाटबंधारे खात्याच्या बंगल्यात मुक्काम केला. कारण दुसऱ्या दिवशी मासळी खात्याचे तांडेल नावाचे अधिकारी पट्ट्याची पाहणी करायला यायचे होते. मंडळाचा ताबा पुढे दहा वर्षांसाठी चालू ठेवायचा की नाही, हे त्यांच्या अहवालावर ठरणार होतं.

सोमवारी सकाळी नवाला आम्ही देवळाच्या ओसरीवर बसलो होतो. तांडेल तिशीतला, काळासावळा, किनारपट्टीकडचा माणूस. बूट काढून आले आणि मांडी घालून बसले. माझी नियमावली चाळत होते. तेवढ्यात कुशाबाची बायको ठकूबाई नदीकडून वर आली. तिच्यामागे कुशाबा. त्याच्या दोन्ही हातांवर म्हातारी होती. तिचे डोळे पांढरे झाले होते.

त्यानं तिला ओसरीसमोरच्या फरशीवर ठेवलं.

“कुठे मिळाली?” वकीलसाहेबांनी विचारलं.

“खालच्या उथळावर. धोंड्यांत अडकली व्हती.”

वकीलसाहेब उठले, खाली वाकून पाहिलं, आणि उभे राहिले तेव्हा त्यांचा आवाज कोर्टातला झाला होता.

“कुशाबा, रात्री नदीवर कोण होतं?”

“म्याच व्हतो.”

“मग पाण्यात औषध कुणी टाकलं?”

“कसलं औषध?”

“काल सोडलेला मासा डोळ्यांदेखत पोहत गेला. आम्ही तिघांनी पाहिलं. आणि हा बरोबर आज मेला, तांडेलसाहेब यायच्या दिवशी. तांडेलसाहेब, जाळी बंद झाल्याचा राग आहे गावात, मी तुम्हाला सांगितलं होतं. मंडळाचा ताबा गेला की जाळी पुन्हा सुरू. सरळ हिशेब आहे.”

“हा कालचाच मासा का?” तांडेलनी विचारलं.

“कालचा कसा असेल? तो ठणठणीत गेला. हा दुसरा आहे.”

“शेपूट बघा की,” ठकूबाई म्हणाली. “फाटकी शेपूट अख्ख्या नदीत एकीचीच.”

“शेपट्या धोंड्यांत फाटतात, बाई.” वकीलसाहेब कुशाबाकडे वळले. “तू बोल. काय टाकलंस?”

कुशाबा म्हणाला, “म्या राखण्या हाय.”

“तेच म्हणतोय मी. राखणदाराशिवाय कुणाला जमणार नाही हे.”

कुशाबानं डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि हातात धरलं. त्यानं वकीलसाहेबांकडे पाहिलं नाही, तांडेलकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. तो माशाकडे पाहत राहिला. मला ठाऊक होतं की तो आता आणखी काही बोलणार नाही. त्याच्या विरुद्ध तक्रार गेली की त्याची राखण जाणार होती. त्याचं नाव जाणार होतं. आणि ज्या नदीवर त्याच्या आज्यानं जाळं टाकलं तिच्यावर विषाचा आळ घेऊन त्याला फिरावं लागणार होतं. तांडेलनी खिशातून पेन काढलं.

मी माझी पिशवी उघडली. मला आठवतं, बक्कल निघेना. मग निघालं.

“एक मिनिट,” मी म्हणालो. माझा आवाज इतका लहान निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. “एक मिनिट, साहेब.”

मी फरशीवर गुडघे टेकले. म्हातारीच्या डाव्या कुशीवर पराखाली तिसऱ्या ओळीत एक लालसर, मऊ जागा होती. बाकी खवले कौलांसारखे नीट बसलेले आणि तिथे एक कौल उडालेलं. मी लिफाफ्यातून खवला काढला, चिमट्यानं त्या जागी ठेवला आणि बोटानं हलकेच दाबला. तो बसला.

तांडेल शेजारी येऊन उकिडवे बसले. त्यांनी खवला थोडा फिरवून पाहिला, काढला, परत ठेवला.

“हा कधी घेतलात?”

“काल. अकरा वाजून वीस मिनिटांनी.” मी लिफाफा त्यांच्या हातात दिला. “आपलाच मासा आहे. काल… काल आपण तासभर खेळवला. मग उचलून धरला. गाभोळी गळत होती. नंतर तो तगला नाही. विष वगैरे काही नाही, वकीलसाहेब.”

“फणसळकर,” वकीलसाहेब म्हणाले, “तुम्ही काल काही बोलला नाहीत.”

“नाही बोललो.”

“आता बरं सुचलं.”

“हो. मला उशिरा सुचतं.”

तांडेलनी म्हातारीच्या पोटावरून अंगठा फिरवला. थोडी अंडी बाहेर आली. “पूर्ण भरलेली आहे,” ते म्हणाले. “आठ-पंधरा दिवसांत वरच्या ओढ्यात चढली असती. मग बंदी ऑगस्टअखेर का उठवता तुम्ही?” त्यांनी नियमावली पुन्हा उघडली, बोट लावून वाचू लागले आणि एका जागी थांबले. “हे काय लिहिलंय? ‘उगमाकडील बर्फ वितळून नदीस शीत जलाचा लोंढा येताच मत्स्य वर चढू लागतो…’ हे बर्फ कुठलं, फणसळकर?”

मी नदीच्या वरच्या अंगाला पाहिलं. डोंगर होते, कारवी होती, ढग होते.

“उत्तरेतलं,” मी म्हणालो. “ते पुस्तक हिमालयातल्या नद्यांवर आहे. ते पान मी इथे उतरवलं. बर्फासकट.”

“आणि त्यावर ही दोन वर्षं…”

“हो.”

“कुणी वाचलं नाही?”

तांडेलनी वकीलसाहेबांकडे पाहिलं. वकीलसाहेबांनी कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि स्वतःच्या सहीवरचं ते वाक्य वाचलं. त्यांनी ते दोनदा वाचलं असावं. मग कागद घडी करून परत दिला.

“मी तुमच्यावर विसंबलो होतो,” ते मला म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. “मला वाटलं, तुम्ही वाचणारे.”

कुशाबाजवळ जाऊन ते थोडे घुटमळले. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, “बोलून गेलो,” आणि उतरून आपल्या जीपकडे गेले. मला बोलावलं नाही. जीप सुरू झाल्याचा आवाज आला आणि मला कळलं की मला एसटीनं जायचंय. एसटी दोनला होती.

तांडेल ओसरीवर अहवाल लिहीत बसले. ठकूबाई घरी जाऊन आली. तिनं ताटात तांदूळ, नारळ, हळदकुंकू आणि हिरव्या खणाचा तुकडा आणला होता. म्हातारीच्या कपाळाला, म्हणजे डोळ्यांच्या मधे, तिनं हळदकुंकू लावलं, पोटाशी खण ठेवला आणि ओंजळीनं तांदूळ घातले.

“भरल्या पोटी गेली,” ती मला म्हणाली. मी विचारलं नव्हतं. बहुधा माझ्या चेहऱ्यावर दिसलं असेल. “वटी भरल्याबिगर कसं लावून द्यायचं?”

कुशाबानं उंबराखाली खड्डा केला. मी माती ओढायला मदत केली. ती मदत होती की अडचण, सांगता येत नाही. काम झाल्यावर त्यानं नदीत हात धुतले आणि काठावर बसला. मीही थोड्या अंतरावर बसलो.

“कुशाबा, तुम्हाला एक सांगायचंय.”

“सांगा की.”

“मला हे ठाऊक होतं.”

त्यानं मान माझ्याकडे वळवली.

“गेल्या हिवाळ्यात मी सगळे खवले काढून बसलो होतो. चाळीसेक असतील. भिंगाखाली खवल्यावर वर्तुळं दिसतात, झाडाच्या बुंध्यात असतात तशी. त्यावरून वय मोजतात. त्याच पुस्तकात लिहिलंय की मादी अंडी तयार करते तेव्हा अंगातलंच सत्त्व काढून घेते, आणि खवल्याची कड झिजते. उंदरानं कुरतडल्यासारखी. मी तारखा लावून पाहिल्या. एप्रिलमधल्या खवल्यांची कड साफ होती. ऑक्टोबरमधल्यांची ताजी झिजलेली. एकाची नाही, नऊ खवल्यांची. म्हणजे अंडी जून-जुलैत नाहीत, भादव्या-आश्विनात. तुम्ही म्हणाला होता तेच.”

“मंग?”

मी वही काढली. गेल्या जानेवारीचं पान उघडून त्याच्यासमोर धरलं. पान कोरं होतं, पण उन्हात तिरकं धरलं की त्यावर दाबाच्या रेघा दिसत. ‘बंदी दसऱ्यापर्यंत हवी’ अशी अक्षरं, आणि पुढे एक प्रश्नचिन्ह.

“लिहिलं होतं,” मी म्हणालो. “दुसऱ्या दिवशी खोडलं. मला वाटलं, त्या माणसानं चाळीस वर्षं नदीवर काढली आणि मी वाचनालयात खिडकीपाशी भिंग घेऊन बसलोय. माझंच चुकत असेल.”

कुशाबानं पान हातात घेतलं. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं अंगठ्यानं रेघा चाचपून पाहिल्या, जाळ्याची गाठ चाचपावी तशा.

“म्या बी दोन वर्सं गप हुतो,” तो म्हणाला.

“तुम्ही तर पहिल्याच दिवशी सांगितलंत.”

“एकडाव सांगितलं. तुमी म्हनला बुकात हाय, मंग गप ऱ्हायलो. घरी जाऊन हिला म्हनलं, आपल्या आज्यापासनं भादव्यात मासा भरतोय, आन बुकात दुसरंच हाय. ही म्हनली, आज्याला काय कळत हुतं.” त्यानं पान परत दिलं. “मला वाटलं, नदीनंच रीत बदलली आसंल. शिकलेल्या मान्साला आधी कळलं, आपल्याला मागनं कळंल. पयल्या वर्सी भादव्यात सा-सात माशांची गाभोळी बघितली म्या, तुमी सोडताना. तरी म्हनलं, ह्या मागं ऱ्हायलेल्या असतील.”

डोहात लहान मासे उड्या मारत होते. पलीकडच्या काठावर खंड्या बसला होता.

“बरं झालं तुमी खवला काढून ठिवला,” तो म्हणाला. “न्हायतर आज माझं काय खरं नव्हतं.”

“तो काढायला नको होता.”

“आता काढला त्ये काढला.”

तांडेल अहवाल संपवून खाली आले. नियमावलीचा कागद त्यांच्या हातात होता. “तारीख बदलायला हवी,” ते म्हणाले. “मंडळाच्या सहीनं. चिटणीसांची चालेल. अध्यक्षांना मी कचेरीतून कळवतो. काय लिहायचं ते तुम्ही दोघं ठरवा, मी खात्याच्या जीपपाशी आहे.”

मी कागद खडकावर पसरला आणि कानावरची पेन्सिल काढली.

“सांगा, कुशाबा.”

“पयला पूर आला की बंद. त्ये घट उठंपातूर.”

“कागदाला इंग्रजी तारीख लागते.”

“पूर काय तारीख बघून येतोय?”

“तरी एखादी.”

“मंग दोन्ही लिवा. तारीख बी आन दसरा बी. ज्ये मागनं येईल त्ये धरायचं.”

मी लिहू लागलो. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं.

“पेन्सलीनं नगं,” तो म्हणाला.

मी थांबलो. मग जीपपर्यंत चालत गेलो आणि तांडेलना त्यांचं पेन मागितलं. आयुष्यात मी अनोळखी माणसाकडे फार थोड्या वस्तू मागितल्या आहेत, त्यांतली ती एक. परत आलो, बर्फाच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि शाईनं खाली लिहिलं: ‘पाळशी येथील भोई समाजाच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानुसार, पहिल्या पुरापासून विजयादशमीपर्यंत अथवा १५ ऑक्टोबरपर्यंत, जे नंतर येईल तोवर, डोहात गळ टाकू नये.’

“वाचा,” कुशाबा म्हणाला.

मी वाचलं.

“परत वाचा.”

परत वाचलं. तो पाण्याकडे पाहत ऐकत होता.

“ह्यात बुक न्हाय कुठं?”

“नाही.”

“आन खोडता येनार न्हाय?”

“नाही. शाई आहे.”

“मंग करा सही,” तो म्हणाला, “आन एसटीला चला. दोनची एसटी तुमच्यासाठी थांबायची न्हाय.”

तो खवला अजून माझ्याकडे आहे. वर्तुळं मी कितीदा तरी मोजली. कधी सतरा भरतात, कधी अठरा. लिफाफ्यावर वय घालायचं राहिलं आहे. कडेपाशी मात्र संशयाला जागा नाही. ती सगळीकडून झिजलेली आहे.